चीर ओळखणारे लूप कन्व्हेअर बेल्टमध्ये होते, पॅनल बायपासवर होतं. ४१० मीटर बेल्ट चिरला, आता नवीन तुकड्याला काय करावं?

प्रश्न : कोळसावाट

नमस्कार मंडळी. गेली सतरा वर्षं मी विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राच्या सीएचपीत (कोळसा हाताळणी विभागात) मेंटेनन्सला आहे. केंद्राचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. जे घडलं ते सविस्तर सांगतो, कारण पुढचे प्रश्न त्यातूनच निघतात.

बेल्ट स्टील कॉर्डचा, एसटी १६००, रुंदी १४०० मिमी, वेग सेकंदाला ३ मीटर. क्रशर हाऊसमधून बंकरकडे जातो, ताशी १६०० टन. सगळा मिळून बेल्ट १२९० मीटर, म्हणजे एक फेरी सात मिनिटं दहा सेकंदांची. बेल्ट घेतला तेव्हाच खालच्या कव्हरमध्ये चिरफाड ओळखणारे ३० लूप (तारेचे बंद वेढे) कारखान्यातून घालून आले होते, दर ४३ मीटरला एक.

महिन्यापूर्वी रात्रपाळीत, दोन वाजून वीस मिनिटांनी, टेलच्या (बेल्टच्या मागच्या टोकाच्या) चूटमधली, म्हणजे कोळसा बेल्टवर सोडणाऱ्या घसरगुंडीतली, लायनर प्लेट सुटली. तीन दिवस झड लागलेली होती, कोळसा चिखलासारखा येत होता, चूट दोनदा साफ करावी लागली होती. त्या ठोकाठोकीत बोल्ट ढिले झाले असणार. मॅग्नेट आहे, मेटल डिटेक्टर आहे, पण दोन्ही मागच्या बेल्टवर. ही प्लेट त्यांच्या पुढे पडली, त्यामुळे त्यांना ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. प्लेट साधारण हातभर लांब, १२ मिमी जाड. तिचा एक कोपरा स्कर्टच्या (माल सांडू नये म्हणून बेल्टच्या कडेला लावलेल्या पट्टीच्या) अँगलला अडकला आणि दुसरा बेल्ट भेदून खाली इम्पॅक्ट आयडलरच्या (बेल्ट पेलणाऱ्या रोलरच्या) फ्रेमला टेकला. प्लेट जागची हलली नाही, बेल्ट चालत राहिला.

स्टील कॉर्ड बेल्टमध्ये सगळ्या दोऱ्या लांबीच्या दिशेने असतात. आमच्या बेल्टला आडवं काहीच नाही. दोन दोऱ्यांच्या मधल्या रबरात पातं एकदा शिरलं की त्याला अडवणारं कोणी नसतं. डाव्या कडेपासून ३८० मिमीवर सरळ रेषेत चीर गेली, आखणी करून कापावी तशी. वॉकवेवरून येणाऱ्या आमच्या हेल्परला बेल्टखाली कोळशाची काळी रेघ पडताना दिसली आणि त्याने पुल कॉर्ड (बेल्ट थांबवणारी दोरी) ओढली. तोवर ४१० मीटर झाले होते. सव्वादोन मिनिटांचं काम.

सकाळी मी रिप डिटेक्शनच्या (चीर ओळखणाऱ्या यंत्रणेच्या) पॅनलपाशी गेलो. किल्ली बायपासवर, म्हणजे चीर पडली तरी पॅनल बेल्ट थांबवणार नाही. रजिस्टर काढलं. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली नोंद होती आणि तिच्याखाली सही माझी होती. त्या महिन्यात या पॅनलने अकरा ट्रिप दिले होते, म्हणजे अकरा वेळा बेल्ट आपोआप थांबवला होता. नऊ वेळा बेल्ट पूर्ण फिरवून पाहिला तरी काही सापडलं नाही. विजेची मागणी शिगेला, बंकरची पातळी खाली, कंट्रोल रूममधून दर पाच मिनिटांनी फोन. मी रजिस्टरमध्ये ‘तात्पुरतं’ असं लिहिलं आणि किल्ली फिरवली. तो शब्द माझ्याच अक्षरात अजून तिथे आहे. तेव्हापासून एकाही शटडाउनच्या यादीत मी हे पॅनल घातलं नाही.

आता ४२० मीटरचा नवीन तुकडा मंजूर झाला आहे, तोवर चिरलेला भाग क्लिपा मारून, लोड कमी करून चालवतोय. वरून विचारणा आली आहे की नवीन तुकड्यात लूप घ्यायचे की त्या पैशात दुसरं काही बसवायचं. माझं मत लूप घ्यावेत असं आहे, पण नुसतं मत सांगून भागणार नाही. म्हणून विचारतो :

लूप मरतात का, आणि मेलेला लूप जागेवर बदलता येतो का? मेलेल्या लूपवर ट्रिप येऊ नये पण खऱ्या चिरेवर हमखास यावा, असं लॉजिक कोणी चालवलंय का? आमचा लूपचा सिग्नल टिपणारा अँटेना चूटपासून ६० मीटर पुढे आहे, कारण केबल ट्रे तिथवरच होता. हे कितपत चूक आहे? आणि चुंबकाने कॉर्ड तपासणारा स्कॅनर घेतला तर लूपची गरज उरते का?

ज्यांनी स्वतः हात घातलाय त्यांनी कृपया लिहा.

——

उत्तर १ : चुनखडी_सिमेंट

दादा, वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे सिमेंट कारखाना, चुनखडीचे बेल्ट, बहुतेक नायलॉनचे. त्यांत लूप नाहीत. आम्ही साधा उपाय केलाय : लोडिंगच्या लगेच पुढे, बेल्टखाली दोन आयडलरच्या मध्ये प्लास्टिकचं आवरण असलेली स्टीलची बारीक दोरी आडवी लावलीय, दोन्ही टोकं लिमिट स्विचला. खाली काही लोंबलं किंवा माल पडला की दोरी खेचली जाते, बेल्ट थांबतो. खर्च लूपच्या तुलनेत किरकोळ. आमच्याकडे एकदा ट्रकच्या स्प्रिंगचं पान घुसलं होतं तेव्हा तिने बेल्ट वाचवला.

पण तिचा भरवसा किती धरायचा तेही सांगतो. बेल्ट ट्रफमध्ये (रोलरांवर पन्हळीसारखा वाकलेला) असताना चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना दाबून धरतात. कधी कधी एकीवर एक चढतात. मग खाली खडादेखील पडत नाही आणि दोरीला काहीच कळत नाही. तुमच्या हेल्परला कोळसा दिसला हे नशीब, ओला बारीक कोळसा होता म्हणून गळला असेल.

आणखी एक. तुम्ही मॅग्नेटचं लिहिलंत म्हणून. तुमच्या मागे क्रशर आहे. त्याच्या रिंगा किंवा हॅमर मँगनीज स्टीलचे असतील तर त्यांचा तुटलेला तुकडा मॅग्नेट उचलणारच नाही, ते स्टील चुंबकाला लागत नाही. मेटल डिटेक्टरला ते कळतं, पण बेल्ट स्टील कॉर्डचा असेल तर बेल्टच धातूचा. अशा बेल्टसाठी बनवलेला डिटेक्टर नसेल तर सेन्सिटिव्हिटी इतकी उतरवून ठेवतात की लहानसहान तुकडा निसटतो. तुमचा डिटेक्टर कुठल्या बेल्टवर आहे आणि किती वजनाच्या तुकड्यावर तपासलाय ते बघा.

——

उत्तर २ : जोडकाम

साहेब, मी व्हल्कनायझिंगचं (उष्णतेने रबर जोडण्याचं) काम करतो, वडिलांपासूनचा धंदा. इंजिनिअर नाही, पण लूप पुष्कळ घातलेत आणि मेलेले पुष्कळ उघडलेत. ते का मरतात तेवढं सांगतो.

लूप म्हणजे बेल्टच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली तार, परत फिरून बंद केलेली. बेल्ट वरच्या बाजूला ट्रफमध्ये वाकतो, हेड पुलीवर सपाट होतो, टेलला पुन्हा ट्रफ होतो. मधला रोलर आणि बाजूचा रोलर यांच्या फटीवर बेल्टला घडी पडते. आडवी तार रोज त्याच घडीवर दुमडते. मी दहा मेलेले लूप उघडले तर त्यातल्या सहासातांत तार त्या घडीवरच तुटलेली सापडते. बाजूच्या आणि मधल्या रोलरमधली फट जास्त असेल, किंवा रोलर झिजून कड धारदार झाली असेल, तर लवकर मरतात. म्हणून आधी आयडलर बघा. नवे लूप घालून जुने झिजलेले रोलर ठेवलेत तर दोन वर्षांनी पुन्हा तेच.

दुसरं कारण पुलीवर चिकटलेला माल. ओला कोळसा बेल्ट वळवणाऱ्या बेंड पुलीवर आणि स्नब पुलीवर थरावर थर बसतो, दगडासारखा होतो. लूप बेल्टच्या खालच्या कव्हरमध्ये, म्हणजे टेल पुलीला आणि टेक-अपच्या (बेल्टचा ताण राखणाऱ्या भागाच्या) काही पुल्यांना लागणाऱ्या बाजूला. त्या गाठीवरून तार प्रत्येक फेरीला ठेचली जाते. टेल पुलीच्या आधीचा व्ही-स्क्रेपर (बेल्टची आतली बाजू खरवडणारा) रबर संपलेला असेल तर परतीच्या बेल्टवर पडलेला खडा पुलीत जातो, त्यानेही तुटतो.

जागेवर लूप बदलता येतो. खालचं कव्हर निदान सहा मिमी राहिलेलं हवं. खाच घ्यायची, घासून घ्यायची, सोल्युशन दोन हात, तयार लूप बसवायचा, कच्चं रबर भरायचं आणि छोट्या प्रेसने शिजवायचा, १४५ अंशांच्या आसपास, रबराच्या कंपनीने दिलेल्या वेळेप्रमाणे. थंड पद्धतीने चिकटवलेलेही चालतात असं सांगतात, पण ओल्या कोळशात मी त्यांची हमी देत नाही, कडेने उचलतात. खाच घेताना सुरी कॉर्डला लागता कामा नये. कॉर्डवरचं रबर कापलं गेलं तर तिथून पाणी शिरून कॉर्ड गंजते, आणि बेल्ट वाचवायला गेलो तिथेच बेल्ट कमजोर झाला असं होतं.

कारखान्यातून येणारा लूप नेहमी चांगला. नवीन ४२० मीटर लूपसकटच घ्या. ते पैसे वाचवू नका.

——

उत्तर ३ : सिग्नल_नाशिक

कोळसावाट सर, मी इन्स्ट्रुमेंटेशनचा. तुमच्या लॉजिकच्या आणि अँटेनाच्या प्रश्नावर जरा लांबून येतो, कारण माझ्या पाहण्यात ही यंत्रणा बहुतेक ठिकाणी लूपमुळे नाही, लॉजिकमुळे बायपास होते.

काम असं चालतं. बेल्टखाली एका कडेला ट्रान्समीटर, दुसऱ्या कडेला रिसीव्हर. लूप वरून गेला की ट्रान्समीटरचा सिग्नल तारेतून रुंदी ओलांडून रिसीव्हरला पोचतो, क्षणभराची पल्स मिळते. चिरेने तार कापली असेल तर पल्स येत नाही. म्हणजे यंत्रणा चीर ‘पाहत’ नाही, ती न आलेल्या पल्सवरून ओळखते. मग पल्स कधी यायला हवी होती हे तिला बिनचूक माहीत असायला हवं. सगळा खेळ तिथे आहे.

तुमच्या जुन्या पॅनलमध्ये बहुधा टायमर असेल : ३ मीटर वेग, ४३ मीटर अंतर, म्हणजे १४.३ सेकंद, त्यात थोडी सूट. बेल्ट सुरू होताना, थांबताना, घसरताना हा हिशोब चुकतो आणि खोटा ट्रिप येतो. टायमर काढा. टेल पुलीवर किंवा कुठल्याही न चालवणाऱ्या पुलीवर पल्स एन्कोडर (पुली किती फिरली ते मोजणारा) लावा आणि अंतर मीटरमध्ये मोजा. ड्राइव्ह पुलीवर लावू नका, ती घसरते, विशेषतः पावसात. बेल्टवर शून्याची एक खूण हवी, जवळजवळ घातलेले दोन लूप किंवा एखादा आरएफआयडी टॅग. तिथून प्रत्येक लूपचा पत्ता पीएलसीने (पॅनलमधल्या कंट्रोलरने) एका फेरीत शिकायचा.

आता मेलेल्या लूपचं. प्रत्येक लूपच्या पल्सची उंची नोंदवत राहा. घडीवर तुटणारी तार एकदम मरत नाही. आधी पल्स कमी होते, मग एखादी फेरी येते एखादी येत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी बंद होते. प्लेटने कापलेला लूप असा रेंगाळत नाही. मागच्या फेरीला पूर्ण उंचीची पल्स होती, या फेरीला शून्य. या फरकावर लॉजिक बांधा. निरोगी लूप अचानक गेला तर पहिल्याच चुकीला ट्रिप, दुसऱ्याची वाट बघायची नाही. ज्याची उंची आधीच उतरलेली आहे तो ‘आजारी’, त्याच्यावर अलार्म आणि मेंटेनन्सची नोटीस. पूर्ण मेलेला यादीतून वगळायचा, पण वगळायला नाव आणि पासवर्ड लागेल. लागोपाठ दोन लूप वगळू देऊ नका. तसं झालं तर १२९ मीटर बेल्ट आंधळा होतो.

अँटेना. ६० मीटर ही चूक आहे आणि ती महाग आहे. तुमचा हिशोब मांडतो. प्लेट नेमकी एक लूप गेल्यावर घुसली असं धरा. पुढचा लूप तिथे यायला ४३ मीटर. तो कापला जाऊन अँटेनापर्यंत यायला आणखी ६०. ट्रिप दिल्यावर भरलेला बेल्ट सरकतो ते वेगळं, धरा २० मीटर. १२३ झाले. अँटेना स्कर्टच्या लगेच पुढे आणला, समजा १० मीटरवर, तर ७३. केबल ट्रे वाढवायचा खर्च पन्नास मीटर बेल्टच्या किमतीसमोर काहीच नाही. आणि त्या रात्री पॅनल चालू असतं तर सध्याच्या वाईट जागेवरूनही ४१० च्या ऐवजी सव्वाशेच्या आत थांबलं असतं.

खोट्या ट्रिपची बाकी कारणं : बेल्ट एका बाजूला पळाला की लूपचं टोक अँटेनावरून सरकतं आणि पल्स जाते. म्हणून अँटेनाजवळ बेल्ट मध्यावर आणणारा ट्रेनिंग आयडलर ठेवा आणि बेल्ट स्वेचा (बेल्ट बाजूला सरकल्याचा) सिग्नल त्याच स्क्रीनवर दाखवा. अँटेनाच्या दोन्ही बाजूंना आयडलर जवळ घ्या, बेल्ट फडफडला की अंतर बदलतं. रिसीव्हरची केबल मोटरच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये असेल तर वेगळी करा. जवळ वेल्डिंग चालू असताना ट्रिप येत असतील तर अर्थिंग बघा.

बायपासबद्दल एवढंच. आमच्याकडे किल्ली काढून टाकली. बायपास पीएलसीमधून मिळतो, आठ तासांसाठी. पाळी संपली की आपोआप उतरतो. पुढच्या पाळीला हवा असेल तर पुढच्या इनचार्जने स्वतःच्या नावाने घ्यायचा. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर तोवर लाल पट्टी राहते. पहिल्या महिन्यात आरडाओरडा झाला. तिसऱ्या महिन्यात लोकांनी खराब लूप बदलून घेतले, कारण रोज तीनदा सही करण्यापेक्षा ते सोपं होतं.

——

उत्तर ४ : पुणेकर_पिलबारा

मी सध्या पश्चिम ऑस्ट्रेलियात, लोहखनिजाच्या बेल्टांवर काम करतो, स्कॅनरच्या प्रश्नापुरतं लिहितो. चुंबकीय स्कॅनर आणि लूप ही दोन वेगळी कामं आहेत. स्कॅनर आधी कॉर्ड चुंबकित करतो. जिथे कॉर्ड तुटलेली किंवा गंजून बारीक झालेली असते तिथे क्षेत्र बाहेर गळतं, आडव्या लावलेल्या सेन्सरांच्या रांगेला ते कळतं, आणि पूर्ण बेल्टचा नकाशा मिळतो. जोडामधली एखादी कॉर्ड सरकली तरी दोन नकाशे शेजारी ठेवल्यावर दिसते. आडव्या दुखापतीसाठी, गंजासाठी, जोडासाठी याला तोड नाही.

पण तुमची चीर दोन कॉर्डच्या मधून गेली. अशा चिरेत कॉर्ड बहुतांशी शाबूतच राहतात. स्कॅनरच्या नकाशावर ती ठळक दिसेलच असं नाही, आणि दिसली तरी वर्षातून एकदोनदा केलेल्या स्कॅनने त्या रात्रीची प्लेट थांबली नसती. पैसे एकाच गोष्टीला असतील तर लूप. मात्र नवीन तुकडा जोडला की पहिल्या आठवड्यात एक स्कॅन बाहेरच्या एजन्सीकडून करून घ्या. नव्या बेल्टचा पहिला नकाशा नसेल तर पाच वर्षांनी केलेल्या स्कॅनची तुलना कशाशी करणार?

आणि सर, रजिस्टरमधली सही तुम्ही इथे लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आदर. आमच्या सकाळच्या बैठकीत मी हा धागा मराठी न येणाऱ्या सहकाऱ्यांना समजावून सांगितला.

——

कोळसावाट (बारा दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. प्रत्येकाचं वाचून कामाला लागलो, म्हणून उशीर झाला.

आधी जुना बेल्ट. चिरलेला भाग वगळून उरलेल्या बेल्टमध्ये २० लूप. रविवारी परमिट घेऊन बेल्ट रिकामा चालवला आणि रिसीव्हरच्या आउटपुटला रेकॉर्डर जोडून तीन फेऱ्या बघितल्या. २० पैकी ११ लूप चांगले, २ आजारी (एका फेरीला पल्स, दुसऱ्या फेरीला नाही, सिग्नल_नाशिक यांनी लिहिलं तसंच), ७ मेलेले. मी दोन वर्षं समजत होतो की सगळी यंत्रणाच बिघडली आहे. निम्म्याहून जास्त बेल्ट तेव्हाही राखणीला होता.

मेलेल्यांपैकी एक, १४ क्रमांकाचा, उघडला. जोडकामचे म्हणणे डोळ्यांनी बघायचं होतं. आमच्या फिटरने बेल्ट टेक-अपजवळ थांबवून, खालच्या बाजूने, कडेपासून घडीच्या जागेपर्यंत कव्हर हळूहळू सोलत नेलं. रबर निरोगी होतं, काळंभोर, कुठे चीर नाही. तार केसासारख्या बारीक धाग्यांची वेणी. घडीच्या रेषेवर बोटभर जागेत ती पिंजलेली होती. धागे एकाच ठिकाणी तुटलेले नव्हते, एक इथे, एक दोन मिमी पुढे, एक मागे, कापसाच्या वातीचं टोक विस्कटतं तसे. शेवटचा धागा तुटेपर्यंत ती पल्स देत राहिली असणार. मी तिथेच हिशोब केला : तासाला आठ फेऱ्या, दिवसाला सोळा तास, म्हणजे त्या जागी तार दिवसाला १२८ वेळा घडीत जाऊन सरळ झाली, वर्षाला चाळीस हजारांच्या घरात. आणि आम्ही बेल्ट बसवल्यापासून एकाही लूपची पल्स एकदाही मोजली नव्हती.

त्यानंतर आयडलर पाहिले. टेलपासूनच्या पहिल्या ऐंशी सेटमध्ये सव्वीस ठिकाणी मधल्या रोलरची कड झिजून ब्लेडसारखी झालेली. अंगठा फिरवायलाही भीती वाटावी अशी. ते सव्वीस बदलले. व्ही-स्क्रेपरचं रबर संपून लोखंड बेल्टला लागत होतं, तेही बदललं.

चुनखडी_सिमेंट, तुमचं क्रशरचं बरोबर निघालं. रिंगा मँगनीज स्टीलच्याच आहेत. स्टोअरमधून एक जुनी तुटकी रिंग आणून हातातल्या चुंबकाला लावली, चिकटली नाही. आता क्रशर उघडतो तेव्हा रिंगा मोजून, वजन करून नोंद ठेवतोय. वजनात एकदम फरक पडला तर तुकडा बेल्टकडे गेला असं धरायचं. चूटच्या लायनरचे बोल्ट आतून काउंटरसंक आणि बाहेरून डबल नट करून घेतले. दर पंधरा दिवसांनी बाहेरून रंगाची रेघ बघायची, रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय.

अँटेना ९ मीटरवर आणला. केबल ट्रेचं काम आमच्याच लोकांनी चार दिवसांत केलं. एन्कोडर टेल पुलीवर बसवला, लॉजिक आमच्या सी-अँड-आयच्या (कंट्रोल आणि इन्स्ट्रुमेंटेशन विभागाच्या) तरुण मुलीने लिहिलं, या धाग्याची प्रिंट टेबलावर ठेवून. किल्ली पॅनलवरून काढून मी स्वतः स्टोअरला जमा केली. बायपास आता पाळीपुरताच.

काल चाचणी घेतली. बेल्ट चाचणीपुरता पूर्ण भरलेला, १६०० टनांवर. लूप अँटेनाशी येण्याआधी ट्रान्समीटर मुद्दाम बंद केला. पल्स चुकली, ट्रिप आला, बेल्ट १९ मीटर सरकून थांबला. म्हणजे चिरलेला भाग सोडला तर आमच्या बाबतीत सर्वांत वाईट ४३ अधिक ९ अधिक १९, एकूण ७१ मीटर. जिथे मेलेला लूप मध्ये आहे तिथे ११४. ते सात आणि आजारी दोन, असे नऊही येत्या शटडाउनला बदलतोय, सगळे गरम पद्धतीने. ज्या हेल्परने कॉर्ड ओढली त्यालाच ट्रान्समीटरचं बटण दाबायला सांगितलं. त्याने दाबलं आणि बेल्ट थांबेपर्यंत तो टेलकडे बघत उभा राहिला.

नवीन ४२० मीटर लूपसकट मंजूर झाला आहे, दहा लूप. एकच गोष्ट राहिली. जोडकाम, जुन्या आणि नव्या बेल्टच्या जोडाशेजारी लूप किती अंतरावर चालेल? नवीन तुकड्याचा पहिला लूप टोकापासून ३ मीटरवर येतोय.

——

जोडकाम

साहेब, प्रेसची प्लेट लूपवर येता कामा नये, एवढं एकच बघायचं. लूप दुसऱ्यांदा शिजला की तार आणि रबर सुटतात. तुमच्या ड्रॉइंगमधली जोडाची लांबी घ्या, दोन्ही बाजूंना प्रेस जितकी बाहेर येते ती धरा, वर हातभर सोडा. टोक छाटायला निदान अर्धा मीटर जातोच, तोही वजा करा. ३ मीटरमध्ये बसेल असं वाटतं, पण कंपनीला पहिला लूप ५ मीटरवर घ्यायला सांगा, अजून कारखान्यात असेल तर त्यांना काही अडचण नाही.

जोड झाल्यावर पीएलसीला सगळ्या लूपचे पत्ते नव्याने शिकवायला विसरू नका. बेल्टची लांबी बदललेली असेल, जुने पत्ते तसेच ठेवलेत तर पहिल्याच फेरीला ट्रिप येईल. आणि १४ नंबरची तार फेकली नसेल तर ठेवा. नवीन मुलांना हातात द्यायला मला ती हवी आहे.